आयत्या वेळचे विषय

सोसायटी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे
कराडची आमची 'कृष्णातीर' उभी राहते:
गच्चीवरची टाकी, थकबाकीदारांची नावं लिहिलेला फळा,
आणि सचिव म्हणून पंधरा वर्षं शिव्या खाल्लेले बाबा.
इथे डंडीत सोसायटी म्हणजे
गुरुवारी संध्याकाळी जमलेली चार-दोन मुलं,
केळ्याच्या सालीवर घातलेले टाके
आणि अकरा पानांची घटना.

हो, घटना.
टाके शिकणाऱ्या पोरांनाही उद्दिष्टं लागतात, कलमं लागतात,
चेकवर दोन सह्या,
सुई टोचण्याच्या धोक्याचा लेखी अंदाज,
मार्चअखेर पंधरा सभासदांची यादी.
चौदा भरले तर युनियनच्या लेखी आम्ही नाहीच.
बाबांना फोनवर सांगितलं, सचिव झाले.
क्षणभर काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, इतिवृत्त त्याच रात्री लिहीत जा,
दुसऱ्या दिवशी माणसं वेगळं आठवतात.

आज वार्षिक सभा. मेडिकल स्कूलचं तळघर.
इथले दिवे हालचाल पाहून लागतात,
गप्प बसलं की विझतात.
गणसंख्या सात. आम्ही सात;
सातवा चिदुबेम, वॉर्डातून धावत आलेला,
कानावर पेन तसंच.
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले.
सूचक इशबेल, अनुमोदक सुमैरा.
शिल्लक एक्केचाळीस पौंड सतरा पेन्स.
खाटकाकडचे डुकराचे पाय, बारा नग, यावर वाद:
सुमैरा म्हणाली, मी हात लावणार नाही,
याद्विगा म्हणाली, केळं कधी दचकत नाही.
डुकराचे पाय तरी कुठे दचकतात, असं चिदुबेम पुटपुटला.
अखेर सिलिकॉनचे पॅड, पाच विरुद्ध दोन.
हात वर गेले तसे दिवे लागले.

मग आयत्या वेळचे विषय.
बाबा म्हणतात, माणूस खरा याच्यासाठीच आलेला असतो,
आधीचं सगळं तो नुसतं ऐकून घेतो.

रूरीने घसा खाकरला.
आर्ब्रोथचा. आजोबा मासेमारीची जाळी विणायचे.
आमच्या सगळ्यांच्या बोटांत जी गाठ आहे ती त्याची.
पुस्तकातली आकृती आम्ही उलटी धरून बसलो होतो,
तेव्हा यानं बुटाची नाडी सोडली
आणि टेबलाच्या पायाला बांधून दाखवली.
"पुन्हा नापास," तो म्हणाला.
"सोमवारपासून मी इथला विद्यार्थी नाही."
कलम चार: सभासद म्हणजे नोंदणीकृत विद्यार्थी.
यादीत आम्ही पंधरा, रूरी धरून.
कुणी काही बोललं नाही.
दिवे विझले.

अंधारात पान उलटल्याचा आवाज आला. मीच होते.
पाठ होतं तरी उलटलं.
घटनादुरुस्ती: दोन तृतीयांश मतं,
चौदा दिवसांची आगाऊ सूचना.
सोमवार चार दिवसांवर.

भोसले मावशींचा नळ तोडायचा ठराव आला होता,
तेव्हा बाबांनी सभा पाच वेळा तहकूब केली.
सहाव्या वेळेपर्यंत मावशींचा मुलगा
साखर कारखान्यात चिकटला होता.
सभा संपली तर संपली.
तहकूब झाली तर तीच सभा, तीच माणसं.

अध्यक्षांच्या परवानगीने, मी म्हणाले,
आणि बाबांचा आवाज माझ्या तोंडून आला,
इंग्रजीत, थोडा घोगरा.
इशबेलनं विचारलं, चालतं असं?
माहीत नाही, म्हटलं. चालत नाही असं कुठे लिहिलेलं नाही.

सात हात.
रूरीचाही; स्वतःच्या बाबतीत मत देता येतं का,
हे कुणी काढलं नाही.
लख्ख उजेड पडला, तसा तो खिडकीकडे वळला.
तळघराला खिडकी नाही.

खोलीवर आले. टे नदीवरचा वारा दाराच्या फटीतून
शिट्टी घालत होता. बूट न काढताच लिहायला बसले.
उपस्थिती सात.
तो वळला ते कुठल्या रकान्यात घालू?
नाही घातलं.
सभा तहकूब.
पुढील तारीख नंतर कळवण्यात येईल.